पुराचं पाणी घरातून उतरलं की कुठं घाई करायची आणि कुठं मुळीच नाही

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५, म्हणजे बघा) तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी आठवडाभर नुसतं बसून होतं. परत २०२१ च्या जुलैत आलं, थोडं कमी. पहिल्या वेळी आम्ही सगळं उलटं केलं, म्हणजे गाळ "जरा वाळू दे मग काढू" म्हणून ठेवला आणि रंग मात्र दिवाळीच्या आधी मारून टाकला, त्यामुळं गाळ काढायला कुदळ लागली आणि रंगाचे पोपडे संक्रांतीला हातात आले. दुसऱ्या वेळी शहाणपण आलं होतं. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी नातेवाईक फोन करून विचारतंच की आता काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

हे मुख्यतः नदीच्या पुराचं आहे. चिपळूण-महाडकडं पाणी रात्रीत येतं आणि जातं पण गाळ भयंकर टाकून जातं, आमच्याकडं पाणी हळू चढतं आणि उतरायला दिवस घेतं, पण घरात शिरल्यावरची कामं तीच. वरच्या फ्लॅटमधून किंवा टाकीतून आलेल्या पाण्याचं थोडं वेगळं असतं, ते खाली लिहिलंय.

आत पाय टाकायच्या आधी

सगळ्यात पहिलं लाइट. घरात पाणी असताना किंवा फरशी ओली असताना मेन स्विचला हात लावायला जायचंच नाही, मग तो वर का असेना. मीटरबोर्ड बुडाला असेल तर महावितरणला फोन करा (१९१२), त्यांच्या माणसाला पोलवरून किंवा मीटरकडून सप्लाय तोडू दे आणि मग आत जा. लाइट गेलीय म्हणजे काही होत नाही असं समजू नका, कारण गल्लीची लाइट कधी परत येईल सांगता येत नाही. आणि इन्व्हर्टर! लोक हे हमखास विसरतात, मेन बंद असलं तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घरातल्या अर्ध्या पॉइंटांत करंट असतोच. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर ऊन पडलं की त्यांच्या वायरीत पण करंट येतो, तिकडच्या वायरींना हात लावू नका, सोलरवाल्यालाच बोलवा.

मग गॅस. सिलिंडर पाण्यात तरंगतो, भरलेला सुद्धा, आणि तरंगताना रेग्युलेटर ओढला जातो, पाइप निसटतो. आमचा सिलिंडर स्वयंपाकघरातून बाहेर पडून पुढच्या खोलीत खिडकीला टेकून आडवा पडला होता. दार उघडल्यावर गॅसचा वास आला तर काडी नाही, बटण नाही, मोबाइलची बॅटरी पण आत चालू करू नका, दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. वास नसला तरी रेग्युलेटर आणि रबरी नळी बदलल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही.

तिसरं, साप-विंचू. आपल्यासारखेच तेही कोरडी जागा शोधत येतात. माळा, कपाटाचा वरचा कप्पा, दाराच्या मागं लटकवलेले कपडे, गादीची घडी, या ठिकाणी हात घालायच्या आधी लांब काठीनं हलवून बघायचं. गमबूट घालून जा, चपला घालून नाही. जुनं मातीच्या भिंतीचं किंवा पांढऱ्या मातीचं घर असेल तर आत शिरूच नका जोवर कोणी जाणत्या माणसानं भिंतींना फुगवटा, भेगा, झुकलेल्या तुळया बघितलेल्या नाहीत. अशा भिंती बऱ्याचदा पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर पडतात, कारण बाहेरून पाण्याचा टेकू गेला की ओल्या मातीला स्वतःचं वजन पेलत नाही.

झाडूच्या आधी फोटो

हे दहा मिनिटांचं काम आहे पण इतकं जिवावर येतं की कोणी करत नाही. घराची अवस्था बघून रडू येत असतं आणि हात आपोआप आवरायला लागतात. थांबा. दारातूनच व्हिडिओ सुरू करा आणि सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसू दे (शेजारी टेप किंवा झाडू उभा धरला की उंची कळते), मग फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांचे जवळून फोटो, मागच्या बाजूच्या मॉडेल-सीरियल नंबरच्या स्टिकरसकट. धान्याचे डबे उघडून आतले फोटो. फेकायच्या वस्तूंची वहीत यादी.

पंचनाम्याला तलाठी किंवा नगरपालिकेची माणसं येतात, ती कधी दोन दिवसांनी येतात कधी आठ, तोवर चिखलात बसून राहायचं नसतं, फोटो आहेत ना मग साफ करायला लागा. पंचनामा झाला की त्यात तुमचं नाव, घर नंबर आणि बँक खातं बरोबर लिहिलंय का ते तिथंच वाचून घ्या.

घराचा विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि तक्रार नंबर घ्या. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की होमलोन घेताना बँकेनं पॉलिसी गळ्यात मारलेली असते, ती फाइल बाहेर काढा. १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवावी लागते, त्यात पूर येतो, पाइप-टाकी फुटून झालेलं नुकसान पण येतं, आणि घराबरोबर सामानालाही आपोआप विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कव्हर मिळतं. मोठ्या वस्तू सर्व्हेअर येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका, अंगणात ठेवा. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर चालू होते का बघू म्हणून सेल्फ मारू नका! इंजिनात पाणी असताना स्टार्ट केलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमावाले म्हणतात हे पुरानं नाही तुम्ही केलंत. बॅटरीची वायर काढायची आणि ओढून गॅरेजला न्यायची.

गाळ: इथं मात्र घाई, अगदी जिवाच्या आकांतानं

पुराचा गाळ ओला असतो तोवर श्रीखंडासारखा सरकतो, दोन दिवस ऊन लागलं की चिवट होतो आणि आठवड्यानं अक्षरशः सिमेंट. त्यामुळं जुन्या लोकांची पद्धत अशी की पाणी उतरायला लागलं, घोट्याएवढं राहिलं की लगेच खराटे घेऊन आत शिरायचं आणि त्याच पाण्यात गाळ ढवळत ढवळत पाण्याबरोबरच बाहेर काढायचा. २०२१ ला आम्ही हेच केलं, पाचजण, आतल्या खोलीकडून दाराकडं, एक जण पुढं गाळ ढवळतोय, दोघं वायपरनं ढकलतायत. चार तासांत तीन खोल्या मोकळ्या. २०१९ ला याच खोल्यांना पाच दिवस लागले होते आणि टँकरचे पैसे वेगळे. अर्थात लाइट तोडल्याची खात्री असेल तरच, आणि अंधार पडायच्या आधी.

भिंतीवर बसलेला गाळ वरून खाली धुवायचा. मऊ ब्रश आणि पाइपचं पाणी पुरे, प्रेशर पंप जुन्या चुन्याच्या भिंतीवर मारू नका, प्लास्टरच निघून येतं. लोक ज्या जागा विसरतात त्या सांगते: दाराच्या चौकटीच्या खालची फट, खिडकीच्या स्लायडिंगची पन्हळ, स्विचबोर्डाच्या मागची पेटी, ओट्याखालचे कोपरे, संडास-बाथरूमची जाळी, देव्हाऱ्याच्या खालचा कप्पा. कपाट सरकवून मागं बघा. आमच्या लोखंडी कपाटाच्या तळाच्या पोकळीत दोन बोटं गाळ राहिला होता आणि महिनाभर घरात वास कुठून येतोय ते कळेना, शेवटी कपाट आडवं पाडलं तेव्हा लक्षात आलं.

गाळ गटारात लोटू नका, गल्ली तुंबते आणि परत आपल्याच दारात येतं. रस्त्याकडेला ढीग करा, पालिकेचे जेसीबी फिरतात.

धुऊन झाल्यावर टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर), आधी नाही. चिखलावर टाकलेली पावडर चिखलच खाऊन टाकतो, जंतूंपर्यंत काही पोचत नाही, त्यामुळं रस्त्यावर पांढरी रांगोळी घालतात तो प्रकार मला नेहमी देखाव्याचा वाटतो. फरशी स्वच्छ झाली की १० लिटरच्या बादलीत साधारण १५० ग्रॅम टीसीएल ढवळून, निवळू देऊन वरचं पाणी फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर मारा, अर्धा तास ठेवा, मग धुवा. हातमोजे, तोंडाला फडकं, खिडक्या उघड्या. आणि टीसीएलमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, माणूस गुदमरतो.

पिण्याचं पाणी आणि अंगावरच्या जखमा

हौद आणि आड दोन्हीत पुराचं पाणी गेलेलं असतं असंच धरून चाला. हौद पूर्ण उपसून, घासून, टीसीएलच्या पाण्यानं धुऊन परत रिकामा करायचा, मग भरायचा. भरल्यावर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल हे ग्रामपंचायतीत वापरतात ते प्रमाण, घालून निदान अर्धा तास थांबायचं. आरोग्य खात्याची माणसं मेडिक्लोर (पाण्यात घालायचं क्लोरीनचं औषध) वाटतात ते घ्या, बाटलीवरचं प्रमाण बघून वापरा. शिवाय सुरुवातीला उकळलेलंच प्या.

पायाला चीर, भेग, खरचटलेलं काहीही असेल आणि पुराच्या पाण्यात वावरला असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, एक ताप) भीती असते, त्याचा जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण किती आणि कोणाला ते डॉक्टरांनाच ठरवू दे, लहान मुलं आणि गरोदर बाईला दुसरं औषध असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन पण त्याच फेरीत उरकून घ्या.

काय ठेवायचं, काय फेकायचं

इथं घरोघरी भांडणं होतात. आमच्याकडं सासूबाईंनी कापसाची गादी टाकू दिली नाही, माहेरची म्हणून, दहा दिवस गच्चीवर वाळवली, वरून खडखडीत झाली, आत उसवून बघितलं तर हिरवी-काळी बुरशी. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी, उशा, फोमचा सोफा, रजई यांचा मोह सोडा. धान्य, पीठ, मसाले, औषधं, प्लास्टिक पिशवीतलं सीलबंद असलं तरी टाका. स्टील-पितळेची भांडी साबणानं घासून उकळत्या पाण्यातून काढली की झालं. लाकडी पोळपाट-लाटणं, भेगा पडलेली प्लास्टिकची भांडी टाकून द्या, त्यांची किंमत काय असते.

फर्निचरमध्ये एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड गेलं म्हणून समजा, बिस्किटासारखं फुगतं. प्लायवूड चांगल्या दर्जाचं असेल तर वाचतं, साधं असेल तर पापुद्रे सुटतात. सागवान मात्र राहतं, फक्त धीर धरायचा: उन्हात ठेवायचं नाही, तडकतं आणि वाकतं, सावलीत हवेशीर ठेवायचं, खाली विटा लावून. ड्रॉवर फुगून अडकले असतील तर पुढून ओढत बसू नका, हँडल हातात येतं, मागची फळी काढा आणि मागून ढकला. दारं पण फुगतात, आणि सुतार लगेच रंधा मारायला तयारच असतो. मारू देऊ नका. वाळल्यावर दार परत आक्रसतं आणि मग खाली बोटभर फट राहते, आमच्या मागच्या दाराची अजून आहे, तिथून उंदीर येतो.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटर, मिक्सर, काहीही "एकदा लावून बघू" करायचं नाही. ओल्या मोटरीला करंट दिला की वाइंडिंग जळतं, नाहीतर वाचली असती. मेकॅनिककडून उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच. मोबाइल भिजला तर बंद करून दुकानात न्या, तांदळाच्या डब्यात ठेवून फक्त तांदूळ वाया जातात.

कागद आणि फोटो हा सगळ्यात हळवा विषय. ओले कागद एकमेकांपासून सोडवायचा प्रयत्न करू नका. खरेदीखत, सातबारा, मार्कशीट, सगळा गठ्ठा तसाच हलक्या हातानं साध्या पाण्यात धुऊन, प्लास्टिक पिशवीत घालून कोरड्या घरच्या नातेवाइकांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवलं की बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो, नंतर एकेक गठ्ठा काढून, पानांमध्ये छपाई नसलेला कोरा कागद घालून पंख्याखाली वाळवायचा. लग्नाच्या अल्बममधले फोटो चिकटले असतील तर स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून ठेवा, आपोआप सुटायला लागतात, मग चिमट्यानं दोरीवर लटकवा, चेहऱ्यावरून बोट फिरवू नका, शाई निघते. मी माझ्या सासऱ्यांचा एक फोटो असाच पुसला.

वाळवणं, म्हणजे खरं काम

ओल धरलेल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते, म्हणून हवा खेळती करायची घाई पहिल्या दिवसापासून. कपाटांची दारं उघडी, ड्रॉवर बाहेर, सगळं भिंतीपासून वीतभर लांब. पण पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की पाऊस चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून काही वाळत नाही, उलट ओल आत येते. उघडीप मिळाली की सगळं सताड उघडायचं, पाऊस आला की बंद करून आत पंखे. एसी असेल आणि लाइट तपासून झाली असेल तर ड्राय मोडवर लावा, कपाटात फडक्यात बांधलेला कोळसा ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर मात्र चुकूनही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लाइट चालू करायच्या आधी वायरमनकडून मेगर (वायरींतून करंट गळतोय का ते बघायचं मीटर) लावून घ्या. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं, वरून बोर्ड कोरडा दिसतो. सगळे बुडालेले स्विच-सॉकेट आणि एमसीबी बदलायचे, हे पैसे वाचवायचे नाहीत. आणि ट्रिप होतंय म्हणून कोणी आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) बायपास करायला सुचवलं तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा. २०१९ ला आमच्या शेजारी भिंतीला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि ते पंधरा दिवस "ओल आहे म्हणून" असं म्हणत तसेच राहत होते.

वरच्या फ्लॅटचं किंवा टाकीचं पाणी असेल तर

हे पाणी बहुतेक स्वच्छ असतं, त्यामुळं गाद्या-सोफा सुद्धा वाचू शकतात पण लगेच हललात तरच. आधी वरच्यांना उठवून कॉक बंद, मग आपल्या त्या खोलीचा एमसीबी बंद, कारण पाणी पंख्याच्या हुकातून आणि लाइटच्या भोकातूनच उतरतं. पीओपीचं छत फुगून पोट सुटल्यासारखं दिसत असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून लांब स्क्रूड्रायव्हरनं छोटं भोक पाडा, नाहीतर सगळं एकदम डोक्यावर येतं. गादी उभी करा, गालिचा उचला. खर्चावरून वाद नंतर घाला, सोसायटीच्या आदर्श उपविधींत टॉयलेट-सिंकचं लीकेज त्या सभासदाकडं आणि गच्चीतून, बाहेरच्या पाइपांतून येणारं सोसायटीकडं धरलंय, फोटो काढून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

रंग, प्लास्टर: इथं थांबायचं म्हणजे थांबायचंच

नऊ इंची विटांची भिंत आठवडाभर पाण्यात उभी राहिली की आतून वाळायला काही महिने जातात. वरून चार दिवसांत कोरडी दिसते तीच फसवणूक. त्यावर पुट्टी आणि रंग चढवला की ओल आत कोंडते, लोणा बाहेर ढकलला जातो आणि पोपडे. फुगलेलं, ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर काढून टाका, विटा उघड्या राहू देत, पाहुणे काय म्हणतील ते म्हणतील.

वाळलंय का ते बघायची सोपी युक्ती म्हणजे फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक कागद चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून घाम धरला असेल तर अजून नाही. २०२१ नंतर आम्ही दर महिन्याला हे करत होतो, सॉकेट पण तेव्हाच पाच फुटांवर नेली, वायरी वरून खाली आणल्या, ओट्याखाली प्लायऐवजी कडाप्पा घातला. पुढच्या खोलीच्या भिंती जानेवारीत कोरड्या निघाल्या, पण पश्चिमेकडच्या भिंतीवरचा कागद पाडव्यापर्यंत घामेजत होता, ती सगळ्यात शेवटी, मे महिन्यात रंगवली.